तोंड वगळून

आईच्या तोंडात आता चौदा दात उरलेत. वय ५२. गेल्या दिवाळीत मोबाईलचा टॉर्च लावून मी ते मोजले. मोजताना ती मलाच दटावत होती, "बैल घ्यायला आल्यासारखा काय बघून राहिला रे?" बैलाच्या जबड्यात हात घालून वय सांगणारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. त्यांच्या हिशोबाने आई सत्तरीच्या पुढची निघाली असती.

बत्तीसातून चौदा गेले, अठरा. या अठरांपैकी एकही दात आपोआप पडलेला नाही. सगळे काढलेत. काही तालुक्याच्या गावी, दोन जळगावला, एक बाजाराच्या दिवशी खुर्ची मांडून बसणाऱ्या माणसाकडे, आणि काही अशा एका सरकारी दवाखान्यात जिथे दाताचे डॉक्टर होते, खुर्चीही होती, पण दात भरायचं सामान नव्हतं. प्रत्येक ठिकाणी तिला एकच वाक्य ऐकायला मिळालं, 'काढून टाकू'. ती घरी येऊन आम्हालाही तसंच सांगायची, "टाकली काढून. कटकट गेली." आम्ही पोरं मान डोलवायचो आणि तिला दोन दिवस पातळ खिचडी करून द्यायचो. त्यापलीकडे कुणाला काही वाटलं नाही. वय झालं की दात जातात, असंच आम्हाला वाटायचं. आजीचे गेले होते, शेजारच्या आपांचे गेले होते, आता आईचे.

हे खोटं आहे. वयामुळे दात जात नाहीत. ते किडीने जातात नाहीतर हिरड्यांच्या आजाराने, आणि या दोन्ही गोष्टी वेळीच अडवता येतात. मला हे २७व्या वर्षी कळलं, तेही माझी स्वतःची दाढ दुखल्यावर. पुण्यात ऑफिसच्या खालीच क्लिनिक होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गेलो, डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तीन सिटिंगमध्ये रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली. खर्च माझ्या घरभाड्याच्या जवळपास. दाढ मात्र वाचली. आईची तीच दाढ, खालची डावीकडची, ती माझ्या वयाची असताना काढलेली आहे. दोघांची कीड सारखीच, दाढही तीच. मला खाली उतरून समोर जायचं होतं आणि तिला शंभर किलोमीटर.

आम्ही अजिंठ्याचे. लेण्यांचं म्हणत नाही, गावाचं. लेण्या घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला. पर्यटकांच्या गाड्या आमच्या गावातून न थांबता पुढे जातात. छत्रपती संभाजीनगर साधारण शंभर किलोमीटर, वाटेत सिल्लोड, फुलंब्री. संभाजीनगरात घाटीच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते चांगलं आहे, हे आधीच सांगतो, कारण सरकारी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. तिथे दात भरले जातात, रूट कॅनाल होतं, कवळी बनते. शिकणारी मुलंमुली उपचार करतात, शिक्षक मागे उभे राहून तपासतात, आणि खासगीतल्या खर्चापुढे तिथला खर्च काहीच नाही. मराठवाड्यातल्या गरिबाला दात वाचवायचा असेल तर त्याची ही हक्काची जागा.

आता आईचा हिशोब बघा. रूट कॅनाल म्हणजे तीन-चार फेऱ्या. सकाळी सहाची एसटी, ओपीडीची रांग, तपासणी, एक्स-रे, पुढची तारीख, संध्याकाळी परत. कापसाच्या वेचणीत असा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. सोबत कुणी आलं तर दोन दिवसांची. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्याने आईला खरंच फरक पडला, ते नाकारत नाही. पण दिवस पूर्णच जातो. उलट दाढ काढून टाकायला एकच फेरी, तीही जवळ. चार दिवस घालवून एक दाढ वाचवायची की अर्ध्या दिवसात ती उपटून मोकळं व्हायचं? माझ्या आईने जन्मभर जो निर्णय घेतला तो अडाणीपणाचा नव्हता. तिच्यापुढे जे आकडे मांडले होते त्यांतून दुसरं उत्तर निघतच नव्हतं. दोष आकडे मांडणाऱ्यांचा आहे आणि मला त्यांच्याशी भांडायचंय.

ते कोण? सुरुवात माझ्यापासून. कंपनीने मला आरोग्य विमा दिलाय, त्यात आईवडीलही आहेत. रूट कॅनालचं बिल जोडायला गेलो तेव्हा पॉलिसीचं पीडीएफ पहिल्यांदा नीट वाचलं. दातांचे उपचार वगळलेले. अपघातात मार लागून हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं तरच विचार होईल. मग मी गरिबांच्या योजनेकडे वळलो. आयुष्मान भारत अर्थात पंतप्रधान जन आरोग्य योजनेत काय मिळणार नाही याची यादी आहे. तिच्यात किडलेला दात भरणं आणि रूट कॅनाल नाव घेऊन वगळलेलं आहे, भरती होऊन उपचार करावे लागतील असा आजार किंवा इजा असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना याच योजनेला जोडलेली. जबडा मोडला, तोंडात गाठ झाली, कॅन्सर झाला, तर या योजना तुमच्या पाठीशी आहेत. चांगलंच आहे. पण दाढेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं तर तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर, फक्त तोंड वगळून. हृदयाची झडप विम्यात, गुडघा विम्यात, आणि ज्याने जेवायचं ते बाहेर.

असं का झालं याला इतिहास आहे. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं, तेव्हापासून जगभर दाताचे डॉक्टर आणि बाकीचे डॉक्टर वेगवेगळे शिकत आले. आपल्याकडेही १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा वेगळा झाला, परिषद वेगळी झाली, कॉलेजं वेगळी. शिक्षण वेगळं असायला हरकत नाही. पण त्या वेगळेपणाचा फायदा विमा कंपनीने आणि सरकारने सारखाच उचलला. दात म्हणजे हौस, दात म्हणजे सौंदर्य, असं एकदा ठरवून टाकलं की त्यावर पैसा घालावा लागत नाही. गंमत अशी की केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जी सीजीएचएस योजना आहे, तिच्या दरपत्रकात दात भरण्याचे, रूट कॅनालचे दर व्यवस्थित छापलेले आहेत. हे काम कसं मोजायचं, किती पैसे द्यायचे, सरकारला सगळं येतं. ते फक्त स्वतःच्या माणसांसाठी.

आणि आपल्याला काय मिळतं? सल्ला. २०२३च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केलं आणि सचिन तेंडुलकरला त्याचा सदिच्छादूत केलं. सचिनवर माझा राग नाही, त्याच्यावर कुणाचा असेल? पण अभियानाचे पाच संदेश बघा. दात घासा, चूळ भरा, पौष्टिक खा, सिगारेट-तंबाखूला नाही म्हणा, आणि वर्षातून दोनदा दातांच्या डॉक्टरला भेटा. पहिल्या चार गोष्टी आईला करता येतील. पाचवीसाठी तिने कुठे जायचं? वर्षातून दोनदा काय, दुखून दुखून गाल सुजल्यावर एकदा जाणं ज्या बाईला जमत नाही, तिला हा संदेश वाचून फक्त एकच कळतं, की चूक आपली आहे.

दातांच्या बाबतीत गरिबाला लाजवणं फार सोपं असतं. चूक उघड दिसते ना. हसलं की दिसते. बीपी वाढलेल्या माणसाला कुणी घाणेरडा म्हणत नाही. किडक्या दाताच्या माणसाला सगळे मनातल्या मनात म्हणतात. आई फोटो काढताना पदर तोंडावर घेते. माझ्या साखरपुड्याच्या अल्बममध्ये ती एकाही फोटोत हसलेली नाही, आणि तो दिवस तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांपैकी एक होता असं ती स्वतः सांगते.

"पण गावाकडची माणसं तंबाखू खातात, मिश्री लावतात." हो, लावतात. आईही लावायची. पण सुरुवात कशी झाली ते तिच्याकडून ऐकलंय मी. लग्नानंतर दाढ ठणकायला लागली. आधी लवंग झाली. लवंगेने थोडं बरं वाटतं, उगीच नाही, लवंगेतलं युजेनॉल दातांचे डॉक्टरही वापरतात. मग लवंग पुरेना तेव्हा सासूने तव्यावर तंबाखू भाजून दिली. दाढेखाली धरली की बधिर होतं. ठणक थांबली, मिश्री थांबली नाही. वीस वर्षं चालली. ती वेदनाशामक म्हणून घरात आली होती, कारण दुसरं वेदनाशामक शंभर किलोमीटरवर होतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला या देशात १९९२ पासून बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कोण बंदी घालणार? आणि गुटखा कुठे मिळतो ते मला विचारू नका, कुठल्याही शाळकरी पोराला विचारा.

कराचीही एक गोष्ट सांगतो. जीएसटी आला तेव्हापासून २०२५च्या सप्टेंबरपर्यंत टूथपेस्टवर १८ टक्के कर होता, टूथब्रशवरही १८. आता तो पाच केलाय. आठ वर्षं एका हाताने 'दात घासा' म्हणणारी जाहिरात आणि दुसऱ्या हाताने ब्रशवर १८ टक्के.

मग कुणीतरी म्हणतं, देशात डॉक्टरच कमी आहेत. दातांच्या बाबतीत हेही खरं नाही. भारतात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, वर्षाला पंचवीस हजारांच्या वर बीडीएसच्या जागा. बहुतेक खासगी. हिंजवडीत माझ्या ओळखीच्या दोन बीडीएस मुली मेडिकल कोडिंगच्या नोकरीत आहेत. अमेरिकेतल्या रुग्णांची बिलं तपासतात. त्यांतल्या एकीला मी विचारलं, गावात क्लिनिक का नाही टाकलं? ती हसली. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, निर्जंतुकीकरणाचं यंत्र, वर शिक्षणाचं कर्ज. "तुझ्या गावात माझा हप्ता कोण भरेल?" तिचं बरोबर आहे. म्हणून शहराच्या एका गल्लीत पाच दवाखाने आणि तालुक्याच्या टोकाला एकही नाही. बाजारावर सोडलं की असंच होणार, आणि सरकारने दातांचा उपचार जवळजवळ पूर्णपणे बाजारावर सोडलाय. नावाला २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. मी वर सांगितलेला दवाखाना आठवा. खुर्ची होती, डॉक्टर होते, सिमेंट नव्हतं. दंतवैद्याकडे फक्त पक्कड उरली तर तो दुसरं काय करणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीन अब्ज माणसांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयातल्या दर पाच जणांपैकी चौघांना कीड सापडली होती. इतक्या माणसांचा आजार हा वैयक्तिक आळस असू शकत नाही. ऑफिसात मी हे बोललो तर एक मित्र लगेच म्हणाला, "ॲप बनवूया! फोटो काढला की एआय कीड ओळखेल." बनेलही. आठवडाभराचं काम आहे. पण कुठे दुखतं हे आईला माहीत आहे, गेली तीस वर्षं माहीत आहे. ओळखायचं काम कधीच अडलेलं नव्हतं.

अडलेलं काम अगदी साधं आहे आणि त्याला ॲप लागत नाही. कीड लहान असते तेव्हा दुखत नाही. वरच्या कवचात असते. त्या वेळी ती अडवायला किंवा भरायला एकच बैठक लागते. आत मज्जेपर्यंत पोचली की रात्रीची ठणक, मग रूट कॅनाल, मग पक्कड. आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं की चूक जितक्या उशिरा दुरुस्त कराल तितकी महाग पडते. दाढेला हे तंतोतंत लागू आहे. आणि लहान कीड भरायला वीज, ड्रिल, खुर्ची यांपैकी काहीही लागत नाही. हाताच्या अवजाराने मऊ झालेला भाग खरवडायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. पसरणारी कीड थांबवायला सिल्व्हर डायमिन फ्लोराइडचा थेंब लावता येतो. दात काळा पडतो, पण कीड बहुतेक वेळा थांबते. फ्लोराइडची टूथपेस्ट, हे सिमेंट आणि हा थेंब, या तिन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. खोकल्याच्या औषधासारख्या या गोष्टी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला पाहिजेत.

त्या लावायला माणूस? न्यूझीलंडने १९२१ मध्ये शाळांतल्या मुलांचे दात सांभाळण्यासाठी खास परिचारिका शिकवायला सुरुवात केली, शंभर वर्षांपूर्वी. आपल्या १९४८च्या कायद्यातही दंत आरोग्यसहायकांची नोंदणी होती, डॉक्टरांपेक्षा कमी शिकलेले पण कामापुरते शिकलेले. ते गावापर्यंत कधी पोचलेच नाहीत. आणि पोरांपर्यंत पोचायची गाडी तर आधीच चालू आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांत आणि अंगणवाड्यांत जातात, मुलांना तपासतात, तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. फक्त सापडलेली कीड कागदावर लिहून पोराला दूरच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली जाते. चिठ्ठी दप्तरात राहते. त्याच गाडीत एक प्रशिक्षित माणूस आणि सिमेंटचा डबा ठेवा, वर्गातल्या बाकावर पोराला झोपवा, आणि तिथेच भरा. मागणी एवढीच आहे. मोठ्यांसाठी दात भरणं आणि रूट कॅनाल जन आरोग्य योजनेत आणा, ही दुसरी.

आमच्या गावाजवळ एक उदाहरणही आहे. लेण्यांतल्या चित्रांचं प्लास्टर सुटत होतं, रंग उडत होते, तेव्हा निजामाच्या सरकारने इटलीहून लॉरेन्झो चेकोनी यांना बोलावलं. १९२०च्या सुमाराची गोष्ट. सुटलेलं प्लास्टर जागच्या जागी बसवलं, वरून लाखेचं वॉर्निश दिलं. पुढे ते वॉर्निश पिवळं पडलं आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची बरीच वर्षं गेली, हा भाग वेगळा. पण पोपडा सुटतोय तर भिंत खरवडून टाकू, कटकट जाईल, असं तेव्हाही कुणी म्हणालं नाही आणि आताही कुणी म्हणत नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या रंगाच्या एका टवक्यासाठी माणसं महिनोन्‌महिने घाट उतरून येतात. यायलाच हवं. वर गावात मात्र ५२ वर्षांची बाई चौदा दातांनी भाकरी दुधात कुस्करून खाते.

हे सगळं बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तुम्ही हे वाचत असाल तर थोडं हाताशी राहू द्या. टूथपेस्टच्या मागचं बारीक अक्षर वाचा, त्यात फ्लोराइड हजार पीपीएमच्या आसपास असावं. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबमध्ये ते नसतंच. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं. घासून झाल्यावर फक्त थुंका, भसाभसा चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका. पैशांची अडचण असेल तर जवळचं दंत महाविद्यालय शोधा, सरकारी असो वा खासगी. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात, त्यामुळे दर कमी असतात. वेळ जास्त लागतो, तेवढं धरून जा. कुणी 'काढून टाकू' म्हणालं तर एकदा तरी विचारा, वाचवता येईल का? आणि घरात सहा वर्षांचं पोर असेल तर त्याच्या तोंडात मागे बघा. शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. सगळ्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी 'पडेलच की' म्हणून सोडून देतात. ती कायमची असते. आईची पहिली गेलेली दाढ हीच.

माझी भाची सहा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला आणि आईला घेऊन मी संभाजीनगरला गेलो, सहाच्या एसटीने. भाचीच्या चारही नव्या दाढा आलेल्या होत्या. शिकणाऱ्या एका मुलीने त्यांच्या खाचांवर पातळ लेप लावला, निळ्या दिव्याने सुकवला. पोरगी रडलीसुद्धा नाही. परत येताना बसमध्ये आरसा मागत होती. आईला कवळीसाठी तपासलं. माप घ्यायला एक दिवस, चावा बघायला एक, बसवायला एक, मग टोचतंय का ते बघायला एक. तारखा लिहिलेला कागद आईने उलटसुलट करून पाहिला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि समोरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "वेचणी उरकल्यावरची नाही का मिळणार, बाई?"